शाळा सोडल्याचे कारण

‘काऊ तं उडते,’ बाबू म्हणाला. ‘हे तं गाय हाये.’

टेबलापलीकडच्या मॅडमचं बोट चित्रातल्या गाईवर होतं. त्यांनी हसून पुन्हा सांगितलं, ‘नो नो, से काऊ.’ बाबूनं माझ्याकडे पाहिलं. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, हे ऐकत तो मोठा झालेला. शिंगं असलेल्या, चार पायांच्या जनावराला ही बाई काऊ का म्हणते, हे त्याला कळेना. मग त्यानंच मॅडमना समजावून सांगायला घेतलं. आमच्या घरी चंद्री हाये, तिचं एक शिंग खाली वाकलं हाये, आबाशिवाय कोणी दूध काढाले बसलं का ते लाथ मारते. अजून बरंच सांगायचं होतं त्याला. मॅडमनी पान उलटलं आणि पुढ्यातल्या कागदावर एका चौकोनात बारीकशी फुली केली.

२०२४ च्या जानेवारीतली ही गोष्ट. ती फुली मला अजून दिसते. पेन निळं होतं.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यात आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला हा भाग. विहीर खणली तर पाणी खारं लागतं, ते ना पिकाला चालत ना माणसाला. त्यामुळे सगळी शेती वरच्या पाण्यावर. आमची चार एकर. कपाशी, तूर, थोडा मूग आणि जमिनीत ओल राहिली तर हरभरा. गावापासून अडीच किलोमीटरवर डांबरी रस्त्याला लागून एक इंग्रजी शाळा आहे. आमच्याकडे अशा शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, मग ती कोणीही चालवो. सकाळी तिची पिवळी गाडी पाराजवळ थांबते. टाय लावलेली, पायात काळे बूट घातलेली आठ-दहा लेकरं तिच्यात चढतात, आणि ती गाडी वळणावरून दिसेनाशी होईस्तोवर बाकीचं गाव तिच्याकडे पाहत राहतं. मीही पाहत असे. ज्यांनी हे रोज पाहिलेलं नाही, त्यांनी ‘कशाला हवी इंग्रजी शाळा?’ असं आम्हाला विचारू नये.

पहिलीची फी वर्षाला २४ हजार, गाडीचे महिन्याला ९०० वेगळे. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७ हजार २० रुपये होता, आणि दारात येणारा व्यापारी त्याहून कमीच बोलत होता. कोरडवाहू एकरात बरं पिकलं तर चार-पाच क्विंटल निघतो. म्हणजे बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी सगळं विसरून एक एकर रान बाबूच्या शाळेच्या नावानं पेरायचं. तरीही आम्ही गेलो. यांचं म्हणणं होतं, तीन एकरात घर चालवू. मामाजी, म्हणजे माझे सासरे, तर माझ्याही पुढे. ते स्वतः एक दिवस शाळेत गेले नाहीत. गाडगेबाबांचं गाव शेंडगाव आमच्याच जिल्ह्यात, अंजनगाव सुर्जी तालुक्यात; बाबांचं कीर्तन मामाजींच्या वडिलांनी ऐकलेलं. ‘भाकर हातावर घेऊन खा, ताट नाही भेटलं तरी चालन, पण लेकराले शिकवा’ हे त्या कीर्तनातलं सांगणं मामाजी देवाच्या नावासारखं घेतात. त्या दिवशी त्यांनी धोतर बदललं, टोपी धुतलेली घातली आणि बाबूचा हात धरून आमच्यासोबत ते कॉन्व्हेंटात आले.

मुलाखत बाबूची झाली, मग आमची झाली. शिक्षण किती, घरी इंग्रजी कोण बोलतं, अभ्यास कोण घेणार. मी बी.ए. आहे, बचत गटाचे हिशेब लिहिते, अभ्यास मी घेईन असं सांगितलं. मामाजींना कोणी काही विचारलं नाही. ते सबंध वेळ उभेच होते. आठ दिवसांनी फोन आला, ‘मूल अजून तयार नाही, पुढच्या वर्षी बघू.’

पुढे कायदा वाचताना कळलं की हे असं तपासणंच मना आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या १३ व्या कलमात साफ लिहिलं आहे की प्रवेश देताना शाळेनं मुलाची किंवा आईबापाची चाचणी घ्यायची नाही. घेतली तर पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत दंड आणि त्यानंतर दर वेळी ५० हजारांपर्यंत. कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू. म्हणजे मॅडमनी ती फुली मारली तेव्हा कायद्याला चौदा वर्षं होत आली होती, आणि मी, गावभरच्या बायांचे फॉर्म भरून देणारी, त्यांच्यासमोर हात जोडून बसले होते. मला कलम माहीत असतं तर मी काय केलं असतं? बहुतेक तेव्हाही गप्पच बसले असते. लेकराची जागा ज्यांच्या हातात असते त्यांच्याशी कलम काढून बोलायला फार बळ लागतं.

याच कायद्याच्या १२ व्या कलमानं दुसरं दार ठेवलं आहे. खाजगी विनाअनुदानित शाळेनं पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि आठवीपर्यंत त्यांना फी लावायची नाही. संस्थाचालक याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले होते; १२ एप्रिल २०१२ ला न्यायालयानं हे कलम कायम ठेवलं, फक्त विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा त्यातून वगळल्या. महाराष्ट्रात एका मुलामागे शासन शाळेला वर्षाला १७ हजार ६७० रुपये देतं. ते वेळेवर येत नाहीत ही संस्थाचालकांची तक्रार जुनी आहे, आणि पैसा अडला की ती तक्रार शेवटी लेकराच्या गणवेशावर, पुस्तकावर, गाडीवर येऊन बसते हे मी दोन घरी पाहिलं आहे. पण जागा मिळते. मुलाखत नाही, फुली नाही. ऑनलाइन अर्ज आणि सोडत.

मी ठरवलं, बाबूचा अर्ज भरायचा.

ज्याला हा अर्ज ठाऊक नाही त्याला तो सोपा वाटेल. जन्माचा दाखला ग्रामपंचायतीतून मिळाला. राहण्याचा पुरावा म्हणून रेशन कार्ड. नकाशावर आपलं घर दाखवायचं असतं, लाल फुगा ओढत ओढत नेमका आपल्या छपरावर आणून ठेवायचा. तिथून शाळेपर्यंतचं अंतर यंत्र स्वतः मोजतं; त्या वर्षी १ किलोमीटरच्या आतल्यांना आधी, मग ३ किलोमीटरपर्यंतच्यांना. जास्तीत जास्त दहा शाळा निवडता येतात. शहरातल्या आईबापांना दहा शाळा निवडताना रात्र पुरत नसेल. आमच्या ३ किलोमीटरात एकच होती. जिनं बाबूला नाही म्हटलं होतं तीच.

अडलं ते जातीच्या दाखल्यावर. आम्ही कुणबी, म्हणजे ओबीसी, वंचित घटकात मोडतो, उत्पन्नाची अट नाही. पण यांनी दाखला कधी काढलाच नव्हता. बारावीनंतर शेतीत उतरलेल्या माणसाला त्याची गरज कधी पडली नाही. सेतूतल्या मुलानं यादी काढून दिली: प्रतिज्ञापत्र, वंशावळ आणि १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीचा पुरावा. सहा वर्षांच्या पोराला पहिलीत बसवायला सत्तावन्न वर्षांमागचा कागद. मामाजी शाळेत गेले नाहीत, म्हणून त्यांच्या नावाचा कागदच नाही. मग राहिले मामाजींचे वडील.

‘बाप माहा गेला होता शाळेत,’ मामाजी म्हणाले. ‘दोन बुकं शिकला होता. आपल्याच गावच्या शाळेत.’

आमच्या गावची शाळा जुनी आहे. जिल्हा परिषदा आल्या १९६२ साली, ही त्याच्याही आधीची. आता तिथे पहिली ते चौथी, दोन शिक्षक, आणि त्या वर्षी पट एकवीस. माझी मोठी लेक ताई तिथेच जाते. वर्गाबाहेरच्या पडवीत लोखंडी कपाट आहे, त्यात दाखल-खारीज रजिस्टरं. मधल्या काळात न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी राज्यभर कुणबी नोंदींचा शोध चालला तेव्हा ती झटकून, पानं मोजून नव्यानं ठेवली होती, म्हणून आमचं काम सोपं झालं. सरांनी सर्वांत जुनं रजिस्टर टेबलावर ठेवलं. पुठ्ठ्याला कापडाची पाठ, कडा वाळवीनं खाल्लेल्या. शाई काळी नव्हती, चहासारखी तांबूस झाली होती. पण अक्षर! एकेक वेलांटी घोटून काढलेली. सर बोट फिरवत एकेक ओळ वाचत गेले आणि एका ओळीवर थांबले.

नाव. बापाचं नाव. जात कुणबी. धंदा शेती. दाखल १९३९. शाळा सोडली १९४१, इयत्ता दुसरी. शेवटच्या रकान्यात, ‘शाळा सोडल्याचे कारण’ या शब्दांखाली, तीन शब्द: गुरे राखण्यास ठेवले.

मामाजींना वाचता येत नाही. सरांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. मामाजींनी टोपी काढली, खाली वाकून त्या ओळीला तळहात लावला आणि तसाच थोडा वेळ ठेवला. मग मला म्हणाले, ‘पाय बरं माय, याच्यात माह्या बापाचं नाव कोनतं?’ मी बोट ठेवून दाखवलं. बापाचं नाव कागदावर कसं दिसतं ते त्यांनी बहात्तराव्या वर्षी पाहिलं.

त्या उताऱ्यावर यांचा दाखला निघाला आणि त्या दाखल्यावर बाबूचा अर्ज गेला. गावच्या शाळेनं ऐंशीपेक्षा जास्त वर्षं सांभाळून ठेवलेली एक ओळ आम्ही तिच्याकडून घेतली, ती आमचं लेकरू तिथून दुसरीकडे न्यायला. हे मला तेव्हाच टोचायला पाहिजे होतं. तेव्हा नाही टोचलं. काम झाल्याच्या आनंदात होते मी.

त्या वर्षीचा घोळ पालकांच्या लक्षात असेल. ९ फेब्रुवारी २०२४ ला शासनानं नियम बदलला. ज्या खाजगी विनाअनुदानित शाळेच्या १ किलोमीटरात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला २५ टक्क्यांतून मोकळीक. एप्रिलमध्ये अर्ज सुरू झाले. मी रात्री मोबाइलवर पान उघडलं, लाल फुगा छपरावर ठेवला आणि शाळांची यादी आली. कॉन्व्हेंट त्यात नव्हती. तिच्याजवळच एक जिल्हा परिषद शाळा आहे. यादीत पहिलं नाव आमच्याच गावच्या शाळेचं होतं. जिचं पत्र्याचं छत आमच्या अंगणातून दिसतं, जिथे कोणीही लेकराचं बोट धरून जावं आणि नाव टाकून यावं, तिथे मोफत प्रवेश मिळावा म्हणून आम्ही जातीचा दाखला, वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र लावून सोडतीत उभं राहायचं होतं. मी मोबाइल बंद केला. राग आला होता, पण कोणावर काढायचा ते कळत नव्हतं.

६ मे ला मुंबई उच्च न्यायालयानं त्या नियमाला स्थगिती दिली. पुन्हा अर्ज. या वेळी कॉन्व्हेंट यादीत होती. ७ जूनला सोडत निघाली, पण निकाल न्यायालयाच्या निवाड्यासाठी थांबला. सगळीकडे पालक रोज त्या पानावर जाऊन पाहायचे. मीही डवरणीच्या दिवसांत, बांधावर रेंज येईल त्या बाभळीखाली उभं राहून पाहायची.

शाळा काही कोणासाठी थांबत नाहीत. आमच्या विदर्भात उन्हामुळे त्या राज्यात सगळ्यांत शेवटी, जून सरता सरता उघडतात. जुलै लागला आणि बाबू म्हणाला, ‘ताई चालली, मी बी जातो.’ घरी ठेवून काय करायचं? ताईनं त्याचं बोट धरलं आणि नेऊन बसवलं पहिलीत. सरांनी नाव घातलं. पट झाला बावीस.

या सरांविषयी थोडं सांगायला हवं. ते आमच्या भागातले नव्हेत, मराठवाड्यातून आलेले. पहिल्या वर्षी त्यांना आमच्या लेकरांची बोली कळायची नाही. ‘सर, थो माह्या पाटीले हात लावून राह्यला’ यातलं ‘थो’ म्हणजे कोण, हे ते ताईला विचारून घ्यायचे. त्यांनी एक वही केली होती. एका बाजूला आमच्या लेकरांचे शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकातले. मले – मला. काऊन – का. इकून – इकडून. ती वही ते वर्गात उघडी ठेवत, आणि लेकरं आपणहून त्यात शब्द भरत. पुस्तकातला शब्द चूक आणि आपला बरोबर, किंवा उलट, असं त्या वहीत कुठंच नव्हतं.

दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात बाबू घरी आला आणि पाटी माझ्यासमोर धरली. पाटीवर दोन चित्रं. एक गाय, तिचं एक शिंग वाकडं. एक कावळा. दोन्हींच्या खाली एकच शब्द, काऊ. सरांना त्यानं कॉन्व्हेंटातली गोष्ट सांगितली होती. सरांनी ती सगळ्या वर्गाला सांगायला लावली, मग फळ्यावर चित्रं काढून म्हणाले, ‘इंग्रजीतली काऊ दूध देते, मराठीतला काऊ उडतो. बोला, अजून कोणाला असे दोन घरचे शब्द माहीत आहेत?’ चौथीतल्या एका पोरीनं सांगितलं, टीप: शिवणाची टीप आणि हॉटेलातली टिप. ताई म्हणाली, पेन: लिहायचा पेन, आणि इंग्रजीतलं दुखणं. अख्खा तास वर्ग याच्यावरच चालला म्हणे.

जानेवारीत ज्या उत्तरावर फुली पडली, त्या उत्तरावर जुलैत एक अख्खा तास उभा राहिला. उत्तर तेच होतं आणि पोरगंही तेच. मी शाळेत काय शोधत होते, ते मला त्या पाटीनं दाखवलं. मला इंग्रजी हवीच होती, आजही हवी आहे. पण त्याआधी मला असं कोणीतरी हवं होतं की जे माझ्या लेकराचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेईल. आणि अर्जाच्या एवढ्या पानांत, एवढ्या रकान्यांत, हे विचारायला जागाच नाही. तुम्ही कोण, कुठल्या जातीचे, किती मीटरवर राहता, हे सगळं शाळा आपल्याला विचारते. आपण शाळेला काही विचारायचं असतं, हे कोणी सांगत नाही.

१९ जुलैला न्यायालयानं तो नियमच रद्द केला, आणि दुसऱ्याच दिवशी याद्या लागल्या. बाबूचं नाव होतं. मोबाइलवर संदेश आला तेव्हा आम्ही निंदायला होतो. हे चिखलातून धावत आले. मामाजींनी घरी गुळाचा खडा वाटला. प्रवेशासाठी महिनाअखेरपर्यंत मुदत होती.

त्या रात्री जेवताना ताईनं विचारलं, ‘मी पहिलीत होती तवा माहा फारम काऊन नाही भरला?’

भांडायच्या सुरात नाही. भाजी अजून आहे का, हे विचारावं तसं.

यांनी सांगितलं, तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. ते खोटं नाही. हा अर्ज पहिल्या वर्गालाच भरता येतो, तिसरीतल्या मुलीला नाही, हेही खरं. पण मी मनात उत्तर शोधत होते आणि मला ते सापडत नव्हतं. ताई सहा वर्षांची झाली तेव्हाही ती पिवळी गाडी पाराजवळ थांबत होती. तेव्हाही मी बी.ए. होते, तेव्हाही माझ्याकडे मोबाइल होता. तिच्या वेळी आम्ही माहिती काढली नाही, एक एकर रान बाजूला काढायचं बोललो नाही, मामाजींनी टोपी धुतली नाही. पोरीला गावातल्या शाळेत घातलं आणि सगळ्यांना ते बरोबर वाटलं. मलाही. गावात त्या गाडीत चढणारी लेकरं मी दुसऱ्या दिवशी नीट पाहिली. नऊ होती. मुली दोन.

तरी आम्ही बाबूचं नाव काढायला शाळेत गेलो. जागा मिळाली होती, आठवीपर्यंत फी नव्हती, कोणी सोडतं का? सरांनी पेढा घेतला, बाबूच्या डोक्यावर हात ठेवला, चांगलं झालं म्हणाले. त्यांना दुसरं काही म्हणायचं असेल तर ते त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. आदल्या वर्षी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं शासनाचं पत्र निघालं होतं, आणि बावीसातून एक गेलं की किती उरतात, हे त्या पडवीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. चौथीची पाच पुढच्या उन्हाळ्यात जाणारच होती.

त्यांनी चालू रजिस्टर काढलं. हे निळ्या पुठ्ठ्याचं, छापील रकान्यांचं. बाबूचं नाव तीन आठवड्यांपूर्वीच त्यात शेवटी लागलं होतं, शाई ताजी होती. त्यांनी तारीख घातली नाही. पेन शेवटच्या रकान्यावर नेलं आणि मान वर करून विचारलं,

‘वहिनी, कारण काय लिहू?’

साधा प्रश्न होता. रोजचा. ‘आरटीई प्रवेश’ म्हणायचं, किंवा ‘पालकांची इच्छा’. ते रोज कुठं ना कुठं लिहिलं जातं. पण माझ्या डोळ्यांसमोर ती चहाच्या रंगाची ओळ आली. गुरे राखण्यास ठेवले. त्या आजोबाला शाळा सोडायला कारण होतं. घरात खायला नव्हतं, ढोरं दुसऱ्याची होती. माझ्या बाबूचं कारण काय? इथे त्याला शिकवत नाहीत? शिकवतात. इथे त्याचं कोणी ऐकत नाही? ऐकतात. ताई शेजारच्या वर्गात होती. खिडकीतून तिची वेणी दिसत होती, ती कोणाला तरी पाढे म्हणून दाखवत होती.

मी यांच्याकडे पाहिलं. हे जमिनीकडे पाहत होते.

‘आज राहू द्या सर,’ मी म्हटलं.

पुढचे चार दिवस घरात कोणी मोकळं बोललं नाही. माझ्या मोठ्या जावेनं सरळ सांगितलं, ‘लेकराचं नुकसान करून राह्यली तू.’ बहिणीनं फोनवर तेच सांगितलं. मामाजी दोन दिवस जेवले, पण माझ्या हातचं ताट न घेता स्वतः वाढून घेतलं. मी त्यांना दोष देत नाही. ज्यानं बापाचं नाव बहात्तराव्या वर्षी पाहिलं, त्याला नातवासाठी मोठ्या शाळेची हौस असणारच. तिसऱ्या रात्री ह्यांनी अंधारात विचारलं, ‘ताईले बी तिथं घालता आलं असतं तं?’ मी म्हटलं, तर नेलं असतं दोघांना. मग बऱ्याच वेळानं ते म्हणाले, ‘मंग राहू दे. एकाच ताटात जेवतात थे.’

आम्ही मुदतीत गेलो नाही. बाबूची जागा प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्या कोणाला मिळाली असेल. कोणाला, ते आम्हाला कळलं नाही. त्या लेकराचं तिथे भलं होवो, हे मनापासून.

बरोबर केलं का? ज्या बायका मला हे विचारतात त्यांना मी ‘तुम्हीही असंच करा’ म्हणत नाही. उलट त्यांचे अर्ज मीच भरून देते. या दोन वर्षांत सात भरले, त्यांतले चार मुलींचे. लाल फुगा कुठं ठेवायचा, १९६७ चा पुरावा कुठं मिळतो, शाळेनं मुलाखत मागितली तर तेरावं कलम कसं दाखवायचं, सगळं सांगते. कायद्यानं दिलेली जागा आहे, ती घेणाऱ्याचा हक्कच आहे. फक्त एक सांगते की अर्ज भरण्याआधी एक दिवस त्या शाळेच्या वर्गाबाहेर उभ्या राहा आणि लेकरानं चूक उत्तर दिल्यावर आत काय होतं ते ऐका. तुमच्या गावच्या शाळेबाहेरही उभ्या राहा. तिथेही ऐकायला काही मिळणार नाही, असं होऊ शकतं. सगळ्याच शाळांना आमच्यासारखे सर मिळत नाहीत.

आमचेही राहिले नाहीत. २०२५ च्या बदल्यांमध्ये ते त्यांच्या जिल्ह्याकडे गेले. म्हातारे आईवडील तिकडे होते, त्यांना अडवायचं कोणत्या तोंडानं? जाताना ती शब्दांची वही त्यांनी शाळेच्या कपाटात ठेवली, रजिस्टरांच्या शेजारी. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. आता चार वर्गांना एकच मॅडम. त्या धडपडतात, पण पहिलीला बाराखडी देऊन चौथीकडे वळेस्तोवर दुसरी उठून पळते. कायदा म्हणतो साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत; आमची एकोणीसच असली तरी दोन. बाबू दुसरीत आहे आणि काही दिवस घरी येऊन काहीच सांगत नाही. ते मला दिसतं. जावेचं वाक्य त्या दिवशी कानात पुन्हा वाजतं.

मी आता शाळा व्यवस्थापन समितीत आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या बाया, त्यात माझं नाव आलं. शिक्षक द्या म्हणून पंचायत समितीत दोन अर्ज दिले. पहिल्याची पोच घेतली नाही, तो हरवला. दुसऱ्यावर शिक्का घेतला, आवक क्रमांक लिहून घेतला. त्यालाही महिना झाला. सोमवारी तिसरा घेऊन जाणार आहे. या वेळी एकटी नाही, अकरा पालक येणार आहेत. मामाजींनीही टोपी धुवायला टाकली आहे.

काल रात्री मी मजकूर सांगत होते आणि ताई लिहून घेत होती. ती आता चौथीत आहे, माझ्यापेक्षा तिचं अक्षर चांगलं. बाबू कंदिलासारखा मोबाइलचा उजेड धरून बसला होता, कारण लाइट गेली होती. वरची तारीख झाली, गावाचं नाव झालं. मग ‘प्रति’ लिहून ती थांबली. मला वाटलं, अडली. मी फोड करून सांगायला लागले तर तिनं हातानंच थांबवलं आणि ‘मा. गटशिक्षणाधिकारी साहेब’ असं एका दमात, कुठेही न खोडता लिहून काढलं.